मार्क्याचा माल आणि धर्मादाय खाते

किराणा दुकानात हल्ली ज्या वह्या, साबण, तेलाच्या बाटल्या व पिठाच्या पिशव्या विक्रीस येतात, त्यांपैकी काहींच्या वेष्टनावर मालाचे नाव, वजन व किंमत यांच्या जोडीला आणखी एक ओळ छापलेली आढळते. या मालाच्या विक्रीतून अमुक भाग मुलांच्या शिक्षणास अथवा पाण्याच्या कामास दिला जाईल, अशा आशयाची ती ओळ असते. पुष्कळांची समजूत अशी आहे की, ही परदेशांतून आलेली विक्रीची नवी युक्ती होय. आपल्या व्यापारी बांधवांना मात्र तीत नवे काही वाटण्याचे कारण नाही. पेढीच्या बिलात मालाची किंमत, हमाली, तोलाई व बारदान यांच्या खाली 'धर्मादाय' या नावाने जी लहानशी रक्कम आपले वाडवडील लिहीत आले, तिचेच हे रंगीत वेष्टनातले रूप आहे. त्या जुन्या रकमेसंबंधी बाजाराने, कायद्याने व न्यायालयांनी शंभराहून अधिक वर्षे खल केला आहे. तो नीट समजून घेतला म्हणजे नव्या ओळीचा कस लावणे सोपे जाते. याच हेतूने आम्ही हा विषय येथे मांडीत आहोत.

प्रथम धर्मादाय म्हणजे काय ते पाहू. व्यवहारात त्याचे तीन प्रकार आढळतात व तिन्ही एकाच नावाने ओळखले जात असल्यामुळे घोटाळा होतो. पहिला प्रकार, खरेदीदाराच्या बिलात मालाच्या किमतीवर पोत्यामागे किंवा शेकड्यामागे काही पैसे वाढवून घेणे. दुसरा, माल आणणाऱ्या शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून तितके पैसे कापून घेणे. तिसरा, वर्षअखेर स्वतःच्या नफ्यातून रक्कम काढून ती धर्मादाय खात्यास जमा करणे. पहिल्यात दाता खरेदीदार, दुसऱ्यात शेतकरी आणि तिसऱ्यात व्यापारी आहे. खात्याचे नाव एकच, परंतु पैसा तीन निरनिराळ्या खिशांतला आहे, ही गोष्ट या लेखात सतत ध्यानात ठेवावी लागेल.

पहिल्या प्रकाराचे एक ठळक उदाहरण मुंबईच्या पांजरपोळाचे आहे. भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमावरून १८३२ साली मुंबईत पारशी समाजाच्या पुढाकाराने मोठा दंगा झाला. त्यानंतर १८३४ मध्ये शेठ मोतीचंद अमीचंद व जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरपोळ उभा राहिला. एका जैन व एका पारशी शेठजींनी मुक्या जनावरांसाठी हात मिळविले, एवढ्यावरच ही कथा पुष्कळदा सांगून संपविली जाते. आमच्या दृष्टीने तिचा खरा भाग पुढे आहे. देणगीच्या रकमेवर अशी संस्था चार वर्षे चालते, चाळीस वर्षे चालत नाही. म्हणून निरनिराळ्या मालाच्या व्यापाऱ्यांनी आपापल्या उलाढालीवर 'लागा' बसवून घेतला. माल हलला की चार पैसे संस्थेकडे जात. दानशूर माणसाच्या मर्जीवर अवलंबून असलेले उत्पन्न याप्रमाणे बाजाराच्या रोजच्या उलाढालीला बांधले गेले. वेष्टनावर ओळ छापणाऱ्या आजच्या कंपन्या याहून निराळे काही करीत नाहीत.

आता कायद्याकडे वळू. 'धर्म' या एका शब्दावर एकेकाळी मोठे संकट आले होते. मुंबईकडील एका मृत्युपत्रात शिल्लक मिळकत 'धरम' करण्यासाठी ठेवलेली होती. रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या खटल्यात १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, 'धरम' हा शब्द इतका व्यापक व अनिश्चित आहे की त्याची अंमलबजावणी न्यायालयास करता येणार नाही, यास्तव ती देणगी रद्द समजावी. विलायतेतील न्यायमूर्तींना आपला शब्द कळला नाही, असा आक्षेप त्या वेळेपासून घेतला जातो. आमचे मत किंचित निराळे आहे. ज्याचा विनियोग कोणावर, कोणी व केव्हा करावयाचा हे लिहिलेले नाही, तो पैसा घरातल्या घरात विरून जाण्याची भीती त्यांना दिसली आणि ती भीती निराधार नव्हती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम केला. त्याच्या ५४ व्या कलमात 'धर्मादाय' हा आपल्या पेढीवरचा शब्द जसाच्या तसा आला आहे. व्यापाराच्या रूढीने किंवा उभयपक्षी कराराने धर्मकार्यासाठी म्हणून जी रक्कम, कोणत्याही नावाने का होईना, आकारली जाते, ती आकारणाऱ्याच्या हाती विश्वस्त या नात्याने असते. तसेच हिशेबाचे वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास सादर केला पाहिजे, असे ते कलम सांगते. आमचे भालकी गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात व त्यानंतर मैसूर म्हणजे आजच्या कर्नाटकात असल्यामुळे हा कायदा आमच्या पेढ्यांस लागू नाही. उदगीर व लातूरकडील आमच्या आडत्या मित्रांस तो लागू आहे. परंतु सीमेच्या अलीकडे राहून विश्वस्तपणा चुकविता येतो, असे समजण्याइतके आपण भोळे नाही. धर्मादाय म्हणून घेतलेला पैसा गल्ल्यात पडला तरी तो दुकानाचा होत नाही. आपल्या शास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर तो दुकानाच्या कामी लावणे हे अदत्तादान आहे; आणि खोटी मापे व भेसळ यांना ज्या व्रताच्या अतिचारांत गणले आहे, त्याच व्रताशी याचाही संबंध आहे.

पुढील दोन खटले प्रत्येक व्यापाऱ्याने माहीत करून घ्यावे असे आहेत. उत्तर प्रदेशातील हाथरस येथील बिजली कॉटन मिल्स ही गिरणी आपल्या गिऱ्हाइकांकडून मालाच्या बिलात धर्मादाय घेत असे व तो वेगळ्या खात्यात जमा करीत असे. प्राप्तिकर खात्याचे म्हणणे असे की, माल विकताना जे जे मिळाले ते गिरणीचे उत्पन्न होय, सबब त्यावर कर द्यावा. १९७९ च्या निर्णयसंग्रहांत छापलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गिरणीचा पक्ष उचलून धरला. ही रक्कम प्रथमपासूनच धर्मकार्यासाठी वेगळी काढलेली असून गिरणी केवळ ती पोचविणारी आहे, म्हणून ती उत्पन्न नव्हे, असे ठरले. शिवाय व्यापारी समाजात 'धर्मादाय' या शब्दास रूढीने निश्चित अर्थ प्राप्त झालेला असल्यामुळे १८९९ चा अनिश्चितपणाचा आक्षेप येथे लागू पडत नाही, हेही स्पष्ट झाले. ऐंशी वर्षांनंतर आपल्या शब्दाला न्यायालयात अर्थ मिळाला, आणि तो कोशातून न मिळता आपल्या वह्यांतून मिळाला, याचा आम्हांस संतोष वाटतो.

दुसरा खटला महाराष्ट्रातील आहे व आपल्या विषयाशी त्याचा अधिक निकटचा संबंध आहे, कारण त्यात घरोघरी ठाऊक असलेला मार्का आहे. संगमनेरची डी. जे. मालपाणी ही पेढी 'गाय छाप' जर्दा बनविते. पेढी आपल्या बिलांत धर्मादाय आकारते. केंद्रीय उत्पादनशुल्क खात्याने असा आग्रह धरला की, ही रक्कम मालाच्या मूल्यातच धरून तिच्यावरही शुल्क घेतले पाहिजे. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व एप्रिल २०१९ मध्ये निकाल पेढीच्या बाजूने लागला. मालाबरोबर दिली जात असली तरी धर्मादायाची रक्कम मालाचा मोबदला म्हणून दिलेली नसते, ती विश्वस्ताच्या हाती सोपविलेली असते, म्हणून ती मूल्याचा भाग होत नाही, असे त्या निकालाचे सार आहे.

या निकालाचा आनंद मानताना एक प्रश्न मात्र मनात राहतो, तो झाकून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही. पैसा कोणाचा, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे होता आणि त्याचे उत्तर योग्यच मिळाले. माल कोणता, हा प्रश्न तेथे नव्हता. तो आपल्यापुढे आहे. सर दोराबजी टाटा ट्रस्टने मुंबईत परळ येथे १९४१ साली कर्करोगाचे रुग्णालय उघडले व १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. तेथे तोंडाच्या कर्करोगाचे जे रोगी येतात, त्यांत तंबाखू चघळणारांची संख्या किती मोठी असते, हे आमच्या भागातून रोगी घेऊन गेलेल्या कोणासही सांगावयास नको. तंबाखूच्या पुडीमागे निघणाऱ्या धर्मादायातून शाळा उभी राहते ही गोष्ट खरी. पुडीमुळे एखादे घर उघडे पडते हीही गोष्ट खरी. एकीने दुसरी पुसली जात नाही. श्रावकास निषिद्ध मानलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, हे आपण सर्वजण ऐकत आलो आहोत. तेव्हा मार्का पारखताना दानाच्या आधी माल पाहावा, हा आमचा आग्रह आहे. संगमनेरच्या पेढीवर टीका करण्याचा हेतू यात नाही. तिने हिशेब वेगळा ठेवला म्हणूनच तिला न्याय मिळाला, हा धडा तर घेण्यासारखाच आहे.

दुसऱ्या प्रकाराविषयी, म्हणजे शेतकऱ्याच्या पट्टीतून कापल्या जाणाऱ्या धर्मादायाविषयी, आम्ही थोडे अधिक स्पष्ट लिहिणार आहोत. कारण धान्याचा व्यापार हा आमचा जन्माचा धंदा आहे. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी आयोगाने १९२८ साली आपला अहवाल सादर केला. वजनकाट्यातील लबाडी, बोलीतील गुप्तता यांच्याच रांगेत, धर्मकार्याच्या नावाखाली मनमानीने केली जाणारी कापाकापी त्या अहवालात दाखविली आहे. आपल्या दृष्टीने जे पुण्य, ते त्यांनी अपहाराच्या शेजारी का मांडले? कारण उघड आहे. शेतकऱ्यास कोणी विचारीत नसे. आठ पोती तूर घेऊन पहाटे गाडी जुंपणारा माणूस संध्याकाळी पट्टी हातात घेई, तेव्हा कडता, हमाली, तोलाई यांच्याबरोबर गोरक्षण व पाठशाळाही त्याच्या नावावर पडलेली असे. ती पाठशाळा कोणत्या गावी आहे, हेही त्यास ठाऊक नसे. आणि तिच्या दारावरील संगमरवरी पाटीवर नाव मात्र शेठजींचे असे!

आमच्या वडिलांच्या काळच्या वह्यांत ही सारी खाती आहेत व ती नीट लिहिलेली आहेत. पैसे खाल्ले गेले असे त्यांवरून दिसत नाही. परंतु दाता कोण, याचे उत्तर त्या वह्यांत चुकीच्या नावावर आहे, असे आम्हांस वाटते. हैदराबाद संस्थानात १९३० साली कृषी बाजारांचा कायदा झाला, कर्नाटकात १९६६ चा कायदा आला, आणि नियमबाह्य कापाकापीस बंदी झाली. त्यावेळी पुष्कळ जुन्या मंडळींनी धर्म बुडाला म्हणून हळहळ व्यक्त केली. धर्म बुडाला नाही. तो शेतकऱ्याच्या खिशातून निघून व्यापाऱ्याच्या खिशाकडे आला, इतकेच झाले. हळहळीचे खरे कारण कदाचित तेच असावे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांची आठवण येथे होते. ओगल्यांचे कंदील व किर्लोस्करांचे नांगर यांच्या विक्रीसाठी गावोगाव हिंडलेला हा माणूस विक्रीची कला चांगली जाणत होता. परंतु १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढल्यावर त्यांनी शेतकऱ्याच्या पट्टीला हात लावला नाही. घरच्या बाईने दळणापूर्वी एक मूठ धान्य बाजूला काढावे, असा मुष्टिफंड त्यांनी उभा केला. मूठ तिची, इच्छा तिची, आणि वसतिगृहात जेवणारा मुलगाही बहुधा तिच्याच गावचा.

आता नव्या मार्क्यांकडे येऊ. या पद्धतीस हल्लीचे वळण अमेरिकेत मिळाले. १९८३ साली अमेरिकन एक्सप्रेस कंपनीने जाहीर केले की, आपले कार्ड वापरून केलेल्या प्रत्येक खरेदीमागे एक सेंट न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या दुरुस्तीस दिला जाईल. सुमारे १७ लाख डॉलर त्यातून जमले. परंतु या योजनेच्या जाहिरातीवर कंपनीने सुमारे ४० लाख डॉलर खर्च केले, असेही सांगितले जाते. दानापेक्षा दानाच्या दवंडीचा खर्च दुपटीहून अधिक! अर्थात कंपनीचा धंदाही वाढला, व तोच हेतू होता. पुढे १९९९ मध्ये योप्लेट या दह्याच्या मार्क्याने, परत पाठविलेल्या प्रत्येक झाकणामागे ५० सेंट कर्करोगाच्या कार्यास देऊ, असे जाहीर केले. एकूण देणगी एक लाख डॉलरपुरतीच मर्यादित आहे, ही गोष्ट बारीक अक्षरांत होती. लोक झाकणे धुऊन टपालाने पाठवीतच राहिले, आणि जॉर्जिया राज्याच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतल्यावर कंपनीस आणखी रक्कम द्यावी लागली. मर्यादा गाठल्यानंतर पाठविलेल्या झाकणामागे कोणासही काहीच मिळत नव्हते, टपालखात्याला सोडून.

आपल्याकडे आयटीसी कंपनीच्या २००३ मध्ये निघालेल्या 'क्लासमेट' वह्यांवर, प्रत्येक चार वह्यांमागे एक रुपया समाजकार्यास, अशी ओळ आली. २००५ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने 'शिक्षा' नावाचा उपक्रम आरंभिला. चार वह्यांमागे एक रुपया, ही भाषा आम्हांस पसंत आहे. शेकड्याचा हिशेब गिऱ्हाइकाला कळत नाही आणि 'नफ्याचा काही भाग' या शब्दांत तर काहीच ठरलेले नसते. कारण नफा किती, हे सांगणारा तोच आणि भाग किती, हे ठरविणाराही तोच. वर्षाचा नफा शून्य निघाला तर त्याचा निम्मा भागसुद्धा शून्यच!

येथे आम्ही आमच्या धंद्यातला एक हिशेब मांडतो. समजा, सुटी तूरडाळ व मार्क्याची तूरडाळ यांच्या भावात किलोमागे वीस रुपयांचा फरक आहे आणि मार्क्याच्या पिशवीवर एक रुपया धर्मकार्यास, असे छापले आहे. डाळ आमच्याच बिदर-कलबुर्गीच्या रानातली, गिरणीही बहुधा एकच. गिऱ्हाइकाने सुटी डाळ घेऊन वीस रुपये सरळ गावच्या वसतिगृहास दिले, तर वीसपट दान होते. हा हिशेब आम्ही पुष्कळांना सांगून पाहिला व तो सर्वांना पटला. मात्र सुटी डाळ घेऊन घरी गेलेल्यांपैकी कोणाचे वीस रुपये वसतिगृहापर्यंत पोचल्याचे आमच्या पाहण्यात नाही. पिशवीवरचा एक रुपया निदान निघतो. म्हणून या पद्धतीची थट्टा करून चालणार नाही.

वेष्टनावर काहीही न छापता मोठे दान करणारे मार्के आहेत, त्यांचाही विचार केला पाहिजे. दिल्लीत १९०६ साली हकीम अब्दुल मजीद यांनी 'हमदर्द' दवाखाना काढला. निजामाच्या काळापासून आमच्या भागात उन्हाळ्यात त्यांच्या सरबताची बाटली प्रत्येक चांगल्या घरी असे. १९४८ मध्ये त्यांचे पुत्र हकीम अब्दुल हमीद यांनी हा धंदाच वक्फ केला, आणि त्या उत्पन्नातून पुढे शिक्षणसंस्था व विद्यापीठ उभे राहिले. टाटांच्या मूळ कंपनीचे सुमारे ६६ टक्के भाग धर्मादाय विश्वस्तनिधींकडे आहेत. मिठाच्या पिशवीवरच्या नफ्याचा काही अंश फिरत फिरत तिकडे जातो. अमेरिकेत पॉल न्यूमन या नटाने १९८२ साली सॅलडवर घालावयाच्या मसाल्याचा धंदा काढला व त्याचा करोत्तर सारा नफा दान करण्याचा नियम केला. आजवर ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्यातून दिली गेली आहे. या तिन्ही ठिकाणी दान मालाला चिकटविलेले नसून मालकीतच रुजविलेले आहे. विक्री घटली तर दान घटेल, परंतु जाहिरात बदलली म्हणून ते बंद पडणार नाही.

आणि गिरगावात १९५९ साली सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन चालू केलेला 'लिज्जत' पापड तर दान घेतही नाही. तेथे नफा लाटणाऱ्या भगिनींचाच आहे. काही लोक तो धर्मादाय माल समजून घेतात. त्या भगिनींना ते रुचणार नाही.

सरकारी नियमांचे एक-दोन मुद्दे व्यवहारात उपयोगी पडतील. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. तेव्हा एखादी कंपनी दान करते आहे की कायद्याने घातलेला खर्च भागविते आहे, हे ओळखले पाहिजे. २०२१ च्या दुरुस्तीने असेही ठरले की, मालाच्या विक्रीस लाभ व्हावा म्हणून पुरस्कृत केलेली कामे या खर्चात धरता येणार नाहीत. आपल्या संघाच्या बहुतेक सभासदांच्या पेढ्या या मर्यादेच्या पुष्कळ खाली असल्यामुळे आपणांवर असे बंधन नाही. जे द्यावयाचे ते आपखुशीचे आहे.

'गुलबर्गा तूरडाळ' या नावास २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाल्यापासून, आपण सभासदांनी मिळून एका मार्क्याखाली डाळ बांधावी आणि पिशवीमागे काही रक्कम वसतिगृह व पांजरपोळ यांस द्यावी, अशी सूचना तरुण मंडळींकडून येत असते. आम्ही तिला विरोध करीत नाही. परंतु पिशवी छापण्यापूर्वी चार गोष्टी लेखी ठराव्यात असे आमचे म्हणणे आहे. रक्कम पिशवीमागे रुपयांत सांगावी, टक्क्यांत सांगू नये, आणि तिला कमाल मर्यादा असल्यास ती त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी. संस्थेचे नाव व गाव लिहावे. 'समाजकार्य' एवढाच शब्द पुरेसा नाही. ही रक्कम व्यापाऱ्याच्या नफ्यातून निघावी, तुरीच्या खरेदीभावात ती पाडून घेतली जाऊ नये, आणि याची खातरी व्हावी म्हणून त्या दिवसाचा बाजार समितीतील भाव व आपला खरेदीभाव शेजारी-शेजारी लिहून ठेवावा. धर्मादायाचे खाते दुकानाच्या खात्यात न मिसळता बँकेत निराळे असावे व हंगामाच्या तंगीतही त्याला हात लागू नये. हंगामात चार दिवसांपुरते वापरून परत भरण्याची सवय किती पेढ्यांना लागलेली असते, ते जाणकारांस ठाऊक आहे.

पाडव्याच्या वहीपूजनाच्या दिवशी त्या खात्याची जमा, खर्च व शिल्लक सभेत वाचून दाखवावी, आणि पिशव्या किती विकल्या तो आकडाही त्याबरोबर द्यावा, म्हणजे कोणासही गुणाकार करून पाहता येईल. तोच हिशेब पुढील वर्षीच्या या स्मरणिकेत, जाहिरातींच्या पानांपूर्वी, पूर्ण पानावर छापावा. आणि ज्या संस्थेस रक्कम पोचली तिची पावती त्याच पानावर खाली असावी.